रावपुऱ्याचा टॉवर कोणत्या चिमणाबाईंचा?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून बडोद्याला आला होता. ऊन उतरल्यावर त्याला शहर दाखवावे म्हणून दांडिया बाजारातून आम्ही रावपुऱ्याकडे पायीच निघालो. टॉवरखालच्या गर्दीत, स्कूटरींच्या मधोमध उभे राहून, 'हा चिमणाबाई टॉवर, सयाजीराव महाराजांच्या राणीच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये बांधलेला' हे आमच्याकडचे ठरलेले वाक्य मी त्याला ऐकवले. त्याने सवयीप्रमाणे मोबाइल काढला, थोडा वेळ वाचले आणि विचारले, "आत्या, स्मरणार्थ म्हणजे तेव्हा त्या हयात नव्हत्या ना? मग १९२७ मध्ये पुण्याच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष कशा झाल्या?"

प्रश्न बिनतोड होता. बडोद्यात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांना तो कधी पडलेला नाही, आणि खरे सांगायचे तर वयाच्या तिशीपर्यंत मलाही पडला नव्हता. उत्तर सोपे आहे. चिमणाबाई दोन होत्या, आणि दोघीही सयाजीरावांच्याच पत्नी होत्या.

पहिल्या चिमणाबाई तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. १८८० मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हा सयाजीराव सोळा वर्षांचे आणि त्या त्यांच्याहून वर्षभराने लहान होत्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि साथीदार कलावंत बडोद्याला आले, आणि आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात ते नृत्य त्यांच्यामुळे या दरबारात पोचले. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले गेले. १८८३ मध्ये युवराज फत्तेसिंहराव जन्मले आणि १८८५ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्या गेल्या. लक्ष्मीविलास राजवाड्याचे बांधकाम तेव्हा चालू होते. ते पुरे झाले १८९० मध्ये, म्हणजे ज्यांच्या नावाने राजवाडा उभा राहिला त्यांना तो पुरा झालेला दिसलाच नाही. टॉवरही त्यांचाच. नागरिकांनी आणि संस्थानच्या नोकरवर्गाने मिळून तो उभारला.

त्याच १८८५ च्या अखेरीस महाराजांचे दुसरे लग्न झाले. नवी राणी देवासच्या घाटगे घराण्यातली, माहेरचे नाव गजराबाई, वय तेरा वर्षांचे. सासरी तिचेही नाव चिमणाबाई ठेवले गेले. याच दुसऱ्या चिमणाबाईंनी पुढे पडदा सोडला, १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत एक ग्रंथ सहलेखनाने प्रसिद्ध केला, १९१४ मध्ये बडोद्यात स्त्री उद्योगालय काढले आणि १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अध्यक्षपद भूषवले. इंदिराराजे त्यांची कन्या, आणि जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी त्यांची नात. १९५८ पर्यंत त्या हयात होत्या. एवढे मोठे, गाजलेले आणि भरपूर छायाचित्रे मागे ठेवणारे आयुष्य एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्षांचा संसार. नाव एकच असेल तर लोकांच्या मनात कोण उरणार, हे सांगायला नको. स्त्री उद्योगालयासमोरून जाणारा माणूस आणि टॉवरखालून जाणारा माणूस एकाच चेहऱ्याची बाई डोळ्यांपुढे आणतो, आणि तो चेहरा धाकटीचा असतो.

मला यात मौज वाटते ती एवढ्याच गोष्टीची की गादीचा वंश मात्र थोरलीचा चालला. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारले, त्याच वर्षी त्यांना प्रतापसिंहराव झाले, आणि १९३९ मध्ये आजोबांमागून तेच गादीवर बसले. प्रतापसिंहांचे चिरंजीव फत्तेसिंहराव, ज्यांना आमच्या वडिलांच्या पिढीने खासदार म्हणून आणि क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष म्हणून पाहिले, ते थोरल्या चिमणाबाईंचे पणतू.

भाच्याला मी हे सगळे सांगितले खरे, पण मला ते इतक्या सहज सांगता आले याचे कारण इतिहासाचा अभ्यास नव्हे. आमच्याच घरात हे घडलेले आहे. माझ्या पणजोबांची पहिली बायको पहिल्या बाळंतपणात गेली. वर्षाच्या आत पणजोबा बिजवर म्हणून पुन्हा बोहल्यावर चढले, आणि तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन सुनेचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्यांच्या आईने पहिल्या सुनेचेच नाव लिहायला लावले. घरातल्या माणसांच्या तोंडी ते बसलेले होते, एवढेच कारण असावे. नवीन नाव शिकण्यापेक्षा नवीन मुलीला जुन्या नावाला ओ द्यायला शिकवणे त्यांना सोपे वाटले. ते नाव मी इथे लिहीत नाही, घरातल्यांना आवडणार नाही. आमचा वंश जिच्यापासून चालला ती पणजी ही दुसरी. सवतीचा टाक, म्हणजे तिच्या नावाची धातूची छोटी प्रतिमा, तिने जन्मभर गळ्यात घातला, हे तिच्या फोटोत दिसते. पहिलीचा फोटो नाही. आहे ते एक मोठे पितळी घंगाळ, आणि त्यावर सुतारटाक्याने ठोकावे तशा जाड अक्षरांत कोरलेले ते एकच नाव. ते दोघींपैकी कोणाचे, यावर घरात आजवर किमान दोन लग्नांत वाद झालेला आहे. त्याकडे शेवटी येते.

एकाच नावाची दोन माणसे झाली की ज्याची सावली लांब तो दुसऱ्याला गिळतो. बडोद्यात 'सयाजीराव' म्हटले की तिसरे सयाजीराव सोडून दुसरे कोणी मनात येत नाही, इतके की 'तिसरे' हा शब्द आम्ही केवळ शाळेच्या पुस्तकात वाचतो. सयाजीगंज, सयाजीबाग, सर सयाजीराव रुग्णालय, महाराजा सयाजीराव विद्यापीठ, काळ्या घोड्यावरचा पुतळा, सगळे त्यांचेच. पण ते तिसरे असतील तर पहिले आणि दुसरे कोण होते, हे मी एकदा शिकवताना वर्गात विचारले होते आणि उत्तरादाखल संपूर्ण शांतता मिळाली होती. पहिल्या सयाजीरावांची कथा करुण आहे. १७७१ पासून १७८९ पर्यंत गादी नावापुरती त्यांची होती, पण बुद्धीने ते दुर्बळ असल्यामुळे कारभार भावाने, फत्तेसिंहरावांनी चालवला. दुसरे सयाजीराव मात्र दुर्बळ नव्हते. १८१९ ते १८४७ अशी अठ्ठावीस वर्षे ते गादीवर होते आणि सावकारांच्या कर्जाला ईस्ट इंडिया कंपनीने दिलेल्या हमीवरून त्यांचे इंग्रजांशी सतत खटके उडत राहिले. अठ्ठावीस वर्षे हा लहान काळ नव्हे. तरी त्यांच्या नावावर आज बडोद्यात रिक्षावाल्याला सांगता येईल असा एक चौकही मला ठाऊक नाही.

आणि गंमत अशी की ज्यांनी हे नाव कायमचे आपले करून टाकले त्यांचे ते जन्मनाव नव्हतेच. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, काशीराव गायकवाडांचा गोपाळ नावाचा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला आणि उठला तो सयाजीराव होऊन. म्हणजे लक्ष्मीबाईंची चिमणाबाई झाली, गजराबाईंची चिमणाबाई झाली, त्याआधी गोपाळरावांचे सयाजीराव झाले होते. नावे वाड्याची होती. माणसे बाहेरून आणून त्यांत बसवली जात होती. फरक इतकाच की गोपाळरावांनी त्या नावात चौसष्ट वर्षे काढून ते पूर्ण भरून टाकले.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे, त्यामुळे ही गल्लत प्रत्येक मराठी घराच्या वंशावळीत सापडते. त्यात पुन्हा सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्यामुळे सासऱ्याच्या नावाच्या स्वतःच्या मुलाला ती 'बाळ' किंवा 'आबा' म्हणते आणि तो आबा पुढे सत्तर वर्षांचा झाला तरी आबाच राहतो. कागदोपत्री एकच नाव एक पिढी सोडून पुन्हा उगवते आणि घरात ते कोणी उच्चारीत नाही. 'पहिले', 'दुसरे', 'तिसरे' ही इंग्रजी धाटणीची क्रमवारी इतिहास लिहिणाऱ्यांनी नंतर लावलेली आहे. त्या माणसांना हयातीत कोणी आकड्याने हाक मारली नव्हती.

सयाजीरावांच्या आधीच्या दोन महाराजांची नावे घेतली की इंदूरचे पाहुणे हमखास चमकतात. खंडेराव आणि मल्हारराव. ही जोडी त्यांच्या मते होळकरांची. सुभेदार मल्हारराव होळकर आणि १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेलेले त्यांचे पुत्र, अहिल्याबाईंचे पती खंडेराव. इंदुरात ही बापलेकाची जोडी आहे, बडोद्यात भावाभावांची. गणपतराव गायकवाड १८५६ मध्ये वारले, मग खंडेराव आले, आणि १८७० मध्ये खंडेरावांमागून त्यांचे धाकटे भाऊ मल्हारराव. ही नक्कल नव्हे, आणि निव्वळ योगायोगही नव्हे. खंडेराव आणि मल्हारी ही दोन्ही जेजुरीच्या एकाच देवाची नावे आहेत. ज्या घरी खंडोबाचा कुळाचार त्या घरी ही दोन नावे आलटून पालटून येणारच, आणि मराठी सरदार घराण्यांत खंडोबाचा कुळाचार नसलेली घरे शोधावी लागतील. गायकवाडांचे मूळ धनी सेनापती दाभाडे, त्यांचेही नाव खंडेराव होते. दमाजी गायकवाडांनी १७२० मध्ये बाळापूरच्या लढाईत नाव काढले ते या खंडेराव दाभाड्यांच्या पदरी असताना. तेव्हा बडोद्याच्या इतिहासात 'खंडेराव' असा नुसता उल्लेख आला तर आधी शतक पाहावे आणि मग पुढे वाचावे.

बडोद्याचे खंडेराव हौशी. कुस्त्या, शिकार, जवाहीर यांवर त्यांचा जीव होता. मोत्यांचा तो सुप्रसिद्ध गालिचा त्यांनीच करवला. पण १८६२ मध्ये डभोई आणि मियागाम यांच्यामध्ये बैलांनी ओढायची अरुंद रुळांची गाडीही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली, हे सांगितले पाहिजे. त्यांनी चांदीच्या तोफा करवल्या म्हणून भावाने गादीवर येताच सोन्याच्या करवल्या, आणि मल्हाररावांच्या स्वभावाची कल्पना एवढ्यावरून यावी. त्यांचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आळ, तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे चौकशी मंडळ, त्यात सरळ दोन तट पडलेले मत, आणि तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण दाखवून पदच्युती. मद्रासला नजरकैदेत ते १८८२ मध्ये वारले. इंदूरच्या मल्हाररावांनी शून्यातून एक राज्य उभे केले आणि बडोद्याच्या मल्हाररावांनी हातात आलेले राज्य पाच वर्षांत घालवले, आणि नाव दोघांचे एका देवाचे. खंडेरावांचे नाव निदान खंडेराव मार्केटच्या रूपाने शहराच्या मध्यभागी उभे आहे. १९०६ मध्ये सयाजीरावांनी बांधलेल्या त्या इमारतीत महानगरपालिकेची कचेरी भरते आणि घरपट्टीच्या निमित्ताने आम्ही दरवर्षी त्यांचे नाव घेतो. मल्हाररावांच्या नावाची अशी इमारत सयाजीरावांनी का उभारली नाही, हे समजण्यासारखे आहे.

मल्हाररावांनंतरचा विस्कटलेला कारभार ज्यांनी सावरला ते दिवाण म्हणजे सर टी. माधवराव. इथे मला एक कबुली द्यायची आहे. कित्येक वर्षे मी असे समजत होते की माधवराव नावाचे दिवाण बडोद्याला दोनदा आले, एकदा तरुणपणी आणि एकदा म्हातारपणी. वास्तविक ते दोन वेगळे माधवराव आहेत, पण माझी चूक क्षम्य आहे असे पुढची माहिती वाचून वाटेल. टी. माधवराव जन्माने कुंभकोणमचे, तंजावरकडच्या देशस्थ मराठी घराण्यातले. ते १८५७ ते १८७२ त्रावणकोरचे दिवाण होते, नंतर दोन वर्षे इंदूरला आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत बडोद्याला. व्ही. पी. माधवराव हेही कुंभकोणमचे, हेही तंजावरकडच्या देशस्थ मराठी घराण्यातले, हेही त्रावणकोरचे दिवाण, फक्त १९०४ ते १९०६ या काळात. नंतर ते म्हैसूरला गेले, आणि पुढे तेही बडोद्याचे दिवाण झाले. एकच नाव, एकच गाव, एकच जात, एकच पद आणि दोन संस्थाने समान. दोघांत वीस-बावीस वर्षांचे अंतर आहे, आणि टी. माधवराव १८९१ मध्येच वारले होते हे लक्षात ठेवले की गोंधळ मिटतो. 'टी' आणि 'व्ही. पी.' ही इंग्रजी आद्याक्षरे इथे पहिल्यांदाच उपयोगी पडली असे मला वाटले, कारण एरवी मराठी माणसाला आद्याक्षरांचा राग असतो. आमच्याकडे मुलाच्या पुढे बापाचे नाव लावतात, त्याने माणूस कुठला ते लगेच कळते. दाक्षिणात्य पद्धतीत ते अक्षरात मिटून जाते.

आता जी चूक क्षम्य नव्हती ती. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या एका मंडळाच्या स्मरणिकेत बडोद्याच्या संगीतपरंपरेवर मी एक लेख लिहिला. मौलाबक्ष, त्यांची १८८६ मध्ये सुरू झालेली आणि आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स शाखा झालेली गायनशाळा, फैयाज खाँ, सगळे रीतसर लिहिले, आणि मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ यांच्याविषयी लिहिताना 'सुप्रसिद्ध सतारवादक विलायत खाँ हे यांचेच चिरंजीव' असे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने जोडून दिले. छापून आले, लोकांनी कौतुक केले, कोणाला काही खटकले नाही. दोन आठवड्यांनी जुन्या मैफलींत वाढलेले एक वयोवृद्ध श्रोते घरी आले, चहा घेतला, लेख आवडला असे म्हणाले, आणि निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाले, "बाई, विलायत खाँसाहेबांचे वडील इटाव्याचे."

बडोद्याचे इनायत खाँ १८८२ मध्ये इथे जन्मले. आजोळी, मौलाबक्षांच्या घरी वाढले, वीणा वाजवीत आणि गात. पुढे त्यांचा ओढा सूफी पंथाकडे गेला. १९१० मध्ये ते अमेरिकेला निघाले, तिथे आणि युरोपात त्यांनी सूफी विचारांचा प्रसार केला, आणि जगभर त्यांचे अनुयायी त्यांना हजरत इनायत खान म्हणून ओळखतात. १९२७ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले. निजामुद्दीन वस्तीत त्यांचा दर्गा आहे. दुसरे इनायत खाँ १८९४ मध्ये इटाव्यात जन्मले. ते इमदाद खाँचे पुत्र, सतार आणि सुरबहार वाजवणारे. बंगालमधल्या गौरीपूरच्या जमीनदारांचा आश्रय त्यांना होता आणि १९३८ मध्ये ते वारले. बारा वर्षांच्या अंतराने जन्मलेले, एकाच नावाचे, दोघेही तंतुवाद्याचे वादक. इथपर्यंत योगायोग साधा आहे.

पुढे मात्र तो हाताबाहेर जातो. बडोद्याच्या इनायत खाँच्या थोरल्या मुलाचे नावही विलायत. इटाव्याच्या इनायत खाँच्या थोरल्या मुलाचे नावही विलायत. पहिल्या विलायतचा धाकटा भाऊ हिदायत, आणि दुसऱ्या विलायतच्या धाकट्या मुलाचे नाव हिदायत. दोघेही विलायत २००४ मध्येच वारले, सतारवादक मार्चमध्ये आणि सूफी गुरू जूनमध्ये. आता या माहितीच्या ढिगाऱ्यात मी घसरले तर दोष सगळा माझा असला तरी थोडा दैवाचाही आहे. इनायत म्हणजे कृपा, हिदायत म्हणजे मार्गदर्शन, आणि विलायत म्हणजे सत्ता किंवा संतत्व. या एकाच साच्यातल्या, एकमेकांशी यमक जुळणाऱ्या नावांची माळ घरात ओवण्याची आवड खानदानी घरांत असते, आणि म्हणून दोन वेगळ्या घरांत तीच माळ तयार होणे फारसे अशक्य नाही. मराठी वाचकाला मात्र 'विलायत' म्हटले की इंग्लंडच आठवते, आणि बडोद्याच्या इनायत खाँचे विलायत खरोखरच लंडनमध्ये जन्मले होते. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ हे आणखी निराळे. त्यांना मी या लेखात आणले तर मलाच पुन्हा चूक होईल.

लंडनमध्ये जन्मलेल्या विलायतांची थोरली बहीण म्हणजे नूर इनायत खान, जिला एकाच नावाच्या अनेक माणसांऐवजी एकाच माणसाची अनेक नावे वाट्याला आली. १९१४ मध्ये मॉस्कोत जन्मलेली ही बडोद्याच्या वीणावादकाची मुलगी ब्रिटिश सैन्यदलात नोरा बेकर या नावाने भरती झाली, जर्मनव्याप्त पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवताना तिचे सांकेतिक नाव मादलेन होते, आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. तिचे वडील १९१० मध्ये अमेरिकेला जायला भारतातून निघाले तो दिवसही १३ सप्टेंबरच होता.

बडोद्याच्या गाण्याविषयी बोलताना नाव बदललेल्या दुसऱ्या एका घराची आठवण येते. किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात होते. ताराबाई मान्यांशी त्यांनी संसार मांडला आणि ते दोघे बडोदे सोडून गेले. पुढे ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या तेव्हा अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले आणि चंपाकलीची हिराबाई. हिराबाईंनी आडनाव मात्र बडोद्यावरून घेतले. बडोदेकर आडनावाचा माणूस बडोद्यात मला फार क्वचित भेटला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण गावावरून आडनाव पडते ते गाव सोडल्यावर.

आडनावाचीही एक गोष्ट सांगून टाकते. १९५९ मध्ये भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला तेव्हा कर्णधार होते दत्ताजीराव गायकवाड आणि व्यवस्थापक होते फत्तेसिंहराव गायकवाड, दोघेही बडोद्याचे. संघ पाचही कसोटी सामने हरला. माझे वडील सांगत की त्या उन्हाळ्यात दांडिया बाजारात 'गायकवाडांनी हरवले' असे कोणी म्हटले की 'कोणत्या?' हा प्रश्न लगेच यायचा आणि उत्तरादाखल सगळे हसायचे. दत्ताजीरावांवर हे थोडे अन्यायाचे होते, कारण दोनच वर्षांपूर्वी, १९५७-५८ मध्ये, त्यांनी बडोद्याला रणजी करंडक मिळवून दिला होता. ते २०२४ मध्ये पंच्याण्णवाव्या वर्षी गेले, आणि त्याच वर्षी त्यांचे चिरंजीव अंशुमनही.

तर भाच्याला मी टॉवरखाली उभे राहून यातले निम्मे सांगितले आणि उरलेले घरी आल्यावर. तो संगणकाच्या क्षेत्रातला मुलगा. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक माणसाला एक क्रमांक दिला की प्रश्न संपतो. मी त्याला म्हटले की तो क्रमांक आम्ही दिलेलाच आहे, एक, दोन, तीन, आणि तरी टॉवर धाकटीच्या नावावर जातो, कारण क्रमांक पुस्तकात असतो आणि नाव तोंडात असते. त्यावर त्याला पटले की नाही ते कळले नाही, पण त्याने घंगाळ पाहायला मागितले.

घंगाळ माळ्यावरून काढले. चिंच-मीठ लावून घासल्यावर अक्षरे वर आली. भाच्याने टॉर्च तिरपा धरून त्यांचे फोटो काढले आणि वर्ष कुठे कोरले आहे का ते पाहिले. वर्ष नाही. फक्त 'सौ.' आणि नाव. 'सौ.' मुळे काहीच सिद्ध होत नाही, कारण पहिली सवाष्णच गेली आणि दुसरीही पणजोबांच्या आधी गेली. अक्षरांच्या वळणावरून जुने-नवे ठरवावे तर दोन लग्नांमध्ये वर्षसुद्धा पुरते उलटले नव्हते, आणि कोरणारा तांबट बहुधा तोच असणार. शेवटी वडिलांच्या धाकट्या बहिणीला, आमच्या आत्याला, फोन लावला. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, तिची आजी म्हणजे ही दुसरी, आणि तिच्या मांडीवर आत्या लहानाची मोठी झालेली आहे, त्यामुळे घंगाळ आपल्या आजीचेच असे ती ठामपणे म्हणेल अशी माझी खात्री होती.

भाच्याने फोन स्पीकरवर ठेवला. सगळे ऐकून घेऊन आत्या थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "थोरलीचं म्हणून लिहून ठेवा रे. माझ्या आजीला तिचं घर मिळालं, नवरा मिळाला, नावसुद्धा मिळालं. एक भांडं तिच्याकडे राहू द्या."

भाच्याने तसे एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिकटपट्टीने ती घंगाळाच्या आतल्या बाजूला लावली.